एकवीस हजारांची अट : येत्या ग्रामसभेसाठी तातडीचं आवाहन

26 जानेवारीची ग्रामसभा तोंडावर आली आहे. त्यानंतर राज्याचं अर्थसंकल्पीय अधिवेशन सुरू होईल आणि 31 मार्चला आर्थिक वर्ष संपेल. या थोड्या दिवसांत एका जुन्या आकड्याविरुद्ध गावोगावी ठराव झाले पाहिजेत, म्हणून हे लिहिते आहे. वाचून बाजूला ठेवू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, कारण विषय मुख्यतः त्यांचाच आहे.

आकडा आहे 21,000 रुपयांचा. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात 1980 पासून चालू आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने अंथरूण धरलेले लोक, अनाथ मुलं यांच्यासाठी ती आहे. पासष्टीपुढच्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. या योजनांत बसायचं तर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव तरी असावं लागतं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा तहसील कार्यालयाचा दाखला तरी लागतो. अनुदान पूर्वी महिन्याला 600 होतं, 2019 मध्ये 1,000 झालं, 2023 मध्ये 1,500 झालं, आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी 2,500 झालं. ही वाढ मोर्चे काढणाऱ्या, उपोषणं करणाऱ्या माणसांनी मिळवलेली आहे आणि तिचं मोल मी कमी करत नाही. पण दारातून आत कोणाला घ्यायचं हे ज्या अटीवर ठरतं, ती अट जागची हलली नाही. दिव्यांगांसाठी ती 50,000 केली गेली. विधवेला, परित्यक्तेला, म्हाताऱ्याला अजून 21,000 च.

वर्षाचे 21,000 म्हणजे महिन्याचे 1,750 आणि दिवसाचे साधारण साडेसत्तावन्न रुपये. हे एका माणसाचे नव्हेत, अख्ख्या कुटुंबाचे. घरात चार माणसं असतील तर माणशी साडेचौदा रुपयांच्याही आत. एवढ्यावर कुठलंही घर चालत नाही, हे दाखला मागणाऱ्याला ठाऊक असतं, देणाऱ्याला ठाऊक असतं आणि अर्ज मंजूर करणाऱ्या समितीलाही ठाऊक असतं.

हाच हिशेब सरकारच्याच दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहा. 1972 च्या दुष्काळात जिचं मोल महाराष्ट्राने ओळखलं आणि वि. स. पागे यांच्या ध्यासातून जी देशापुढे गेली, त्या रोजगार हमीची 2025-26 सालची राज्यातली मजुरी दिवसाला 312 रुपये होती. नवरा गेलेली बाई त्या कामावर सदुसष्ट दिवस गेली तर तिचे 20,904 रुपये होतात, म्हणजे ती अजून निराधार. अडुसष्टाव्या दिवशी तिने पाटी उचलली की 21,216 होतात, आणि ती अटीबाहेर. शंभर दिवस पुरे केले तर 31,200. एका हाताने सरकार तिला कामाचं वचन देतं आणि दुसऱ्या हाताने ते काम केल्याबद्दल अनुदानातून काढतं. एका घरात दोघं मजुरीला गेले तर चौतीस दिवसांतच हा उंबरठा ओलांडला जातो.

आता दारिद्र्यरेषा पाहू. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साली ग्रामीण महाराष्ट्रासाठी जी रेषा निघाली ती माणशी महिन्याला 967 रुपये खर्चाची होती. ती फारच खाली आहे म्हणून देशभर टीका झाली. तरी चार माणसांच्या घराला त्या रेषेने वर्षाचे 46,416 रुपये धरले होते. म्हणजे ज्या रेषेला लोक लाजिरवाणी म्हणत होते तिच्या निम्म्यालाही आपली निराधारांची अट पोचत नाही, आणि ती रेषासुद्धा 2011-12 सालच्या किमतींची. तेव्हाचा तेलाचा डबा, गॅसचं सिलिंडर, एस. टी. चं तिकीट आठवा.

पुण्यात, गोखले अर्थशास्त्र संस्थेत, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. खेड्यातल्या माणसाला महिन्याला किमान 15 रुपये आणि शहरातल्याला साडेबावीस रुपये लागतात असं त्यांनी धरलं, आणि आकड्याशेजारी स्पष्ट लिहिलं की या किमती 1960-61 सालच्या आहेत. ही साधी शिस्त होती. रुपयांतला आकडा कुठल्या सालचा हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नसतो, कारण रुपया दरवर्षी आकसतो. आपल्या योजनांच्या अटींना असं सालच नाही. एकदा आकडा लिहिला की तो तसाच पुढच्या शासन निर्णयात उतरवला जातो. परिणाम असा होतो की कुठल्याही मंत्र्याने, कुठल्याही सचिवाने काही ठरवलेलं नसताना दरवर्षी कित्येक माणसं आपोआप बाहेर पडतात. त्यांची मजुरी दहा-वीस रुपयांनी वाढलेली असते, त्या वाढीतून एक घास जास्त मिळालेला नसतो, पण कागदावर ती 'सुधारलेली' असतात. कोणी निर्णय घेतला असता तर त्याला जाब तरी विचारता आला असता. इथे जाब विचारायला माणूसच सापडत नाही.

आणि आकडा दरवर्षी बदलणं सरकारला जमत नाही असंही नाही. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, ग्राहक किंमत निर्देशांक पाहून वाढतो. कारखान्यातल्या आणि दुकानातल्या किमान वेतनात विशेष भत्ता असतो, तोही त्याच तत्त्वावर. केंद्राच्या 2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं, कारण मध्यमवर्गाची ओढाताण दिसली. यातलं एकही चुकीचं नाही. शिक्षकाला, कारकुनाला, नोकरदाराला महागाई लागते हे मान्य झालं आहे. मग तीच महागाई निराधार बाईच्या अटीला लागू नये, हे कुठल्या न्यायात बसतं?

दाखला कसा निघतो ते जवळून पाहिल्याशिवाय या अटीची धग कळत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्राच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी सासरी, मुलगा नववीत. मांडीवर दुधाच्या पिशवीसारखी एक जाड प्लास्टिकची पिशवी, तिच्यात नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड, मुलाचा बोनाफाइड. सगळ्या कागदांच्या घड्या इतक्या वेळा उघडलेल्या की कडांना कागद फाटायला आलेला. चौकशी करणाऱ्याने विचारलं, "मावशी, रोज किती मिळतो?" त्यांनी खरं सांगितलं, "तीनशे." त्याने मोबाइलवर तीनशेला सव्वीसने गुणलं, आलेल्या आकड्याला बाराने गुणलं. "त्र्याण्णव हजार सहाशे होतंय. बसत नाही." मावशींनी पुन्हा विचारलं, "काय बसत नाही, दादा?" तोवर त्याने पुढच्याचे कागद हातात घेतले होते.

बाहेर येऊन आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि तिचं वर्ष मोजलं. पावसाळ्यात खुरपणीचे मिळून महिनाभर. सोयाबीन काढणीचे आठ-दहा दिवस. दिवाळीनंतर कापूस वेचणीचे वीस-पंचवीस. फाल्गुनापासून मृगापर्यंत काही नाही, कोणी बोलावलं तर घर सारवायला, पापड लाटायला, आणि त्याचे पैसे कमी, डाळ-तांदूळ जास्त. हात सैल सोडून धरले तरी पासष्ट दिवस. पासष्ट त्रिक एकशे पंच्याण्णव, म्हणजे 19,500 रुपये. अट कितीही अन्यायाची असली तरी ही बाई त्या अटीतही बसत होती. फक्त वर्षात काम किती दिवस मिळतं, हा प्रश्न तिला कोणी विचारला नाही. शेतमजुराच्या उत्पन्नाला सव्वीस आणि बाराने गुणणं म्हणजे त्याला पगारदार समजणं, आणि ही पद्धत एका केंद्रापुरती नाही. जिथे जिथे लोक मला भेटतात तिथे हाच गुणाकार ऐकायला मिळतो.

त्याच गल्लीत अशीही घरं असतात जिथे वर्षाला तीन-चार लाखांचं उत्पन्न असून "एकवीस हजारांच्या आतला" दाखला सहज निघालेला असतो. कसा, ते गावात सगळ्यांना माहीत असतं. यात मी तलाठ्याला दोष देत नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत: खरा आकडा लिहून गरजवंताला बाहेर काढायचं, नाहीतर आकडा कमी लिहून त्याला आत घ्यायचं. दयाळू तलाठी दुसरी वाट धरतो, कडक तलाठी पहिली, आणि ज्याच्याकडे ओळख किंवा पैसे आहेत त्याला तलाठी कसाही असला तरी फरक पडत नाही. अट इतकी खाली ठेवली की खोटं बोलल्याशिवाय सहसा कोणी आत जाऊ शकत नाही, आणि मग खरं बोलणारी बाई तेवढी बाहेर राहते. स्वयंघोषणापत्रावर खोटी माहिती दिली तर कारवाई होऊ शकते, ही भीतीही तिलाच जास्त असते. गरिबाला मदत घेण्याआधी खोटं बोलायला लावणारी व्यवस्था आपण आपल्या नावाने चालू द्यायची का, हा प्रश्न मी प्रत्येक वाचकाला विचारते आहे.

सरकारला हे ठाऊक नाही असं म्हणायला जागा नाही, कारण सरकारनेच 2024 मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आणली तेव्हा उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली. शिवाय पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच मागितला नाही. महिन्याचे 1,500 तिथेही आणि श्रावणबाळमध्येही. आता एक चौसष्ट वर्षांची एकटी बाई डोळ्यांपुढे आणा. तिचं उत्पन्न वर्षाला चाळीस हजार आहे. आज ती लाडकी बहीण आहे. ती योजना पासष्टला थांबते आणि श्रावणबाळ पासष्टला सुरू होते. पासष्टावा वाढदिवस उलटला की तिच्यापुढची मर्यादा अडीच लाखांवरून एकदम 21,000 वर येते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर तिचे 1,500 बंद. घर तेच, उत्पन्न तेच, फक्त गुडघे आणखी दुखायला लागलेले आणि मजुरीला बोलावणं कमी झालेलं. ज्या वयात आधार वाढायला हवा त्याच वयात तो काढून घेतला जातो. तुमच्या गावात येत्या वर्षभरात पासष्टी गाठणाऱ्या बायका किती, हे मोजायला एक दुपार पुरे होईल. ग्रामसभेआधी ती यादी करा.

बाकीच्या योजनांतही हेच दुखणं थोड्याफार फरकाने आहे. अन्नसुरक्षा कायदा राज्यात 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला, तेव्हा प्राधान्य कुटुंबासाठी शहरात 59,000 आणि खेड्यात 44,000 ही मर्यादा धरली होती. आजही अपात्र कार्डांची शोधमोहीम निघते तेव्हा याच मर्यादा लोकांपुढे ठेवल्या जातात. इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी: नुसती मर्यादा वाढवून रेशन मिळणार नाही, कारण राज्याचा सुमारे सात कोटी माणसांचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरलेली संख्या, 2011 च्या जनगणनेवर अडकलेला आहे. नवं नाव चढवायला गेलं की "इष्टांक भरलाय" हे उत्तर मिळतं. म्हणून रेशनसाठी मागणी दिल्लीकडेही गेली पाहिजे. शिक्षणहक्काच्या पंचवीस टक्के प्रवेशांत आर्थिक दुर्बल गटाला एक लाखाची मर्यादा आहे. महिन्याला नऊ हजार कमावणारा सुरक्षारक्षक तिच्यात बसत नाही. कायद्याप्रमाणे किमान वेतन हातात पडलं तरी वर्षाचा लाख ओलांडतो. म्हणजे ज्या मालकाने कायदा पाळला त्याच्या कामगाराचं मूल बाहेर, आणि ज्याने मोडला त्याच्या कामगाराचं आत.

धर्मादाय रुग्णालयांचं उदाहरण मला त्यातल्या त्यात शिकण्यासारखं वाटतं. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या 2006 च्या योजनेप्रमाणे या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तिथल्या मर्यादा वेळोवेळी वाढत गेल्या आणि निर्धनांसाठी 1 लाख 80 हजार, दुर्बलांसाठी 3 लाख 60 हजार इथवर आल्या. अंमलबजावणीची रड वेगळी आहे, पण दोन गोष्टी यातून सिद्ध होतात. मर्यादा वाढवता येते. आणि एका रुपयाने ओलांडली की सगळं बंद, असं न करता मधली पायरी ठेवता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तर 2023 मध्ये सरकारने कार्डाच्या रंगाची अटच काढली आणि योजना सगळ्यांना खुली केली. ज्या राज्याला ऑपरेशनसाठी अट काढता येते, त्याला म्हातारीच्या दीड हजारांसाठी ती निदान माणसात आणता आलीच पाहिजे.

म्हणून मागणी मोजक्या शब्दांत, आणि ती सरकारनेच आधी मान्य केलेल्या गोष्टींवर उभी आहे. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांसाठी 21,000 ची अट रद्द करा, आणि लाडकी बहीण योजनेत जसं पिवळं किंवा केशरी कार्ड पुरतं तसं इथेही पुरू द्या. केशरी कार्डाची एक लाखाची मर्यादाही जुनीच आहे, म्हणून तिच्यासकट सर्व उत्पन्नमर्यादा दर 1 एप्रिलला ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढाव्यात, महागाई भत्त्यासारख्या. त्यासाठी दरवर्षी मोर्चा काढावा लागू नये. मर्यादा थोडक्याने ओलांडणाऱ्याची मदत एका दिवसात बंद न होता टप्प्याटप्प्याने कमी व्हावी. आणि उत्पन्नाचा दाखला देताना किंवा नाकारताना कामाचे दिवस किती धरले, दर काय धरला, हे कागदावर लिहून द्यावं. ही शेवटची मागणी कोणाला किरकोळ वाटेल. मला ती सगळ्यांत तातडीची वाटते, कारण तिला एक पैसा लागत नाही आणि उद्यापासून ती अमलात येऊ शकते.

पैशाचा प्रश्न निघेल आणि तो निघायलाच हवा. मर्यादा वाढली की लाभार्थी वाढतील, खर्च वाढेल, आणि राज्यावर कर्जाचा बोजा आहे हे खरं आहे. तेव्हा हिशेब उघडा मांडा. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे दिल्लीचा वाटा जवळजवळ दोन दशकं महिन्याला 200 रुपयांवरच आहे. बाकीचा भार राज्य उचलतं. महाराष्ट्राच्या खासदारांनी पक्षभेद विसरून हा वाटा वाढवून मागावा, म्हणजे राज्याला हात मोकळा होईल. पण पैसे नाहीत हे खरं असेल तर ते सभागृहात उभं राहून सांगावं. गोठवलेल्या आकड्याच्या आड लपून, अपात्र ठरवलेल्या माणसाला त्याच्याच उत्पन्नाचा दोष देऊन, ते साधू नये. 'बोगस लाभार्थी वाढतील' हा दुसरा आक्षेप. बोगस आज आहेत, आणि ते याच अटीमुळे आहेत. अट खरी झाली की खोट्याची गरज उरत नाही, आणि मग जो खोटं सांगेल त्याला पकडायला कोणाची आडकाठी असणार नाही.

आता तुम्ही काय करायचं ते.

ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर ग्रामपंचायतीत तो आधी लेखी द्या आणि पोच घ्या. ऐनवेळी उठून बोललेलं बोलणं इतिवृत्तात येतंच असं नाही. खाली मसुदा दिला आहे, तो उतरवून काढा, आपल्या गावच्या दोन-तीन खऱ्या प्रकरणांची जोड द्या, मात्र त्या माणसांना विचारून आणि त्यांची नावं न घेता. बायकांच्या सभेत हा विषय आवर्जून काढा. बचतगटांना हे कोणी समजावून सांगावं लागणार नाही, त्यांना सगळं पाठ आहे. शहरात राहणाऱ्यांनी नगरसेवक आणि आमदारांकडे हाच मसुदा पत्र म्हणून द्यावा. घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईंना, सोसायटीच्या रखवालदाराला, त्यांचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे आणि शेवटचा अर्ज कशामुळे अडला, एवढं विचारलंत तरी पुष्कळ काही कळेल.

ज्यांचा अर्ज अडला आहे त्यांनी "बसत नाही" हे तोंडी उत्तर घेऊन घरी जाऊ नका. अर्ज दाखल करा, पोचपावती घ्या, नकार लेखी आणि कारणासह मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली उत्पन्नाचा दाखला ही अधिसूचित सेवा आहे आणि तिला पंधरा दिवसांची मुदत आहे. मुदत टळली किंवा नकार चुकीचा वाटला तर पहिलं अपील, दुसरं अपील, आणि त्यापुढे राज्य लोकसेवा हक्क आयोग. कारण नसताना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दाखल्याच्या अर्जासोबत स्वतःच्या हाताने एक साधा कागद जोडा: कुठल्या महिन्यात किती दिवस काम मिळालं आणि काय दराने. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून लिहून घ्या आणि खाली अंगठा द्या. आकडा कमी करून आणतो म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. तो तुमच्या हातात खोटा कागद देऊन जातो आणि पुढे पडताळणीच्या वेळी उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

कॉलेजातली मुलं, निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेली माणसं, तुमच्याकडे आणखी एक मागणं आहे. आपापल्या तहसील कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज द्या. दहा रुपये फी, दीडशे शब्द, विषय एकच: गेल्या तीन वर्षांत संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांचे उत्पन्न जास्त असल्याच्या कारणावरून किती अर्ज नामंजूर झाले, वर्षवार संख्या द्यावी. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, म्हणजे आज अर्ज गेला तर अर्थसंकल्पाच्या आधी आकडा हातात पडू शकतो. प्रत्येक तालुक्याचा असा आकडा जमला तर विधानसभेत प्रश्न विचारणाऱ्या आमदाराला अंदाजाने बोलावं लागणार नाही.

आणि ज्यांचा या योजनांशी काही संबंध येत नाही, ज्यांच्या घरात पगार येतो, पेन्शन येते, त्यांनी निदान एक करावं. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात "सगळे फुकटे झालेत" असं कोणी म्हटलं तर गप्प बसू नये. वर्षाला एकवीस हजार, अख्ख्या घराचे, एवढं सांगावं. बहुतेक माणसांना हा आकडा माहीतच नसतो. माहीत झाल्यावर हसणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

ठरावाचा मसुदा असा:

"ही ग्रामसभा राज्य शासनाकडे मागणी करते की, संजय गांधी निराधार अनुदान योजना व श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना यांसाठीची वार्षिक 21,000 रुपयांची कुटुंब उत्पन्नमर्यादा रद्द करून पिवळी अथवा केशरी शिधापत्रिका पात्रतेचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावी. उत्पन्नमर्यादा असलेल्या सर्व योजनांची मर्यादा दरवर्षी 1 एप्रिल रोजी ग्राहक किंमत निर्देशांकानुसार वाढवावी. मर्यादा ओलांडणाऱ्या लाभार्थ्याचे साहाय्य एकदम बंद न करता टप्प्याने कमी करावे. शेतमजूर व असंघटित कामगारांना उत्पन्नाचा दाखला देताना वर्षातील कामाचे प्रत्यक्ष दिवस व मजुरीचा दर विचारात घ्यावा आणि तो हिशेब दाखल्यावर नमूद करावा."

ठरावाची प्रत तहसीलदारांना, आपल्या आमदार-खासदारांना आणि मंत्रालयात सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाला पाठवा. पोस्टाने पाठवत असाल तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा. ठरावाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि शेजारच्या गावातल्या एका तरी ओळखीच्या माणसाला फोन करून त्यांची ग्रामसभा किती वाजता आहे ते विचारा.